बोलून मारायची काठी

मी 'कमर' म्हणून ओरडलो आणि काठी हाणली डोक्यात. पुढच्या आयुष्यात माझ्या हातून ज्या घोडचुका झाल्या त्यांची ही सलामी म्हणायला हरकत नाही. वास्तविक नियम अगदी सोपा होता. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण नंदा, शाळेत काठी शिकत होती आणि घरी सरावाला तिला समोर कुणीतरी लागायचं. त्या कुणीतरीच्या जागेवर माझी नेमणूक झाली होती, कारण घरात बाकीच्यांना वेळ नव्हता आणि मला दुसरं काही येत नव्हतं. मारणाऱ्यानं आधी जागा बोलायची, शिर, कमर किंवा पाय, आणि मगच वार करायचा. समोरच्यानं ते ऐकून आपली काठी त्या जागेवर आडवी न्यायची. काठीवर काठी खट्कन वाजली की झालं. मी बोललो कमर, अक्काची काठी इमानदारीत कमरेपाशी गेली, आणि माझा हात, का कुणास ठाऊक, वरून खाली आला. डाव्या भुवईच्या वर खोक पडली. अक्का धुण्याच्या दगडावर मटकन बसली. मी हळद आणायला आत धावलो आणि गडबडीत तिखटाचा डबा घेऊन बाहेर आलो. आमच्या घरात हळदीचा डबा एक आणि तिखटाचे डबे जिकडंतिकडं, तेव्हा ही दुसरी चूक माझी एकट्याची नव्हती; पण अव्वानं, म्हणजे आईनं, माझं मनगट वेळेवर धरलं म्हणून बरं. तिनं चिंधी जाळून जखमेत दाबली आणि मला दोन भाषांत शिव्या दिल्या. अक्का मात्र रक्ताच्या ओघळामागून हसत होती.

"तम्मा," ती म्हणाली. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. माझं पाळण्यातलं नाव तिनं कधी घेतल्याचं मला आठवत नाही. "चुकीचं बोललास रे. पण बोललास तरी."

आमचं घर बाळीवेशीच्या अंगाला. पुढच्या खोलीत अप्पांचं चटण्यांचं दुकान, मधल्या खोलीत आम्ही, आणि मागं परस. घरात कानडी, दुकानात मराठी आणि भांडण दोन्हींत. सकाळी जाग यायची ती उखळाच्या आवाजानं. एका उखळाला अव्वा आणि अक्का समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं, आणि दोघींच्या तोंडून आळीपाळीनं निघणारा 'हं' कधी चुकायचा नाही. भाजलेल्या शेंगदाण्याला कुटता कुटता तेल सुटायचं, लसूण आणि तिखट त्यात मुरायचं, आणि तो वास आमच्या कपड्यांना, पुस्तकांना, अंथरुणांना असा चिकटायचा की वर्गात मास्तर माझ्याकडं न बघता म्हणायचे, चटणी आली वाटतं. पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांचे माग दिवसभर खटखटायचे. गिरणीचा भोंगा झाला की अव्वा तव्यावर भाकरी टाकायची. कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणी दह्यात कालवायची, जोडीला पुंडीपल्ल्या, म्हणजे अंबाडीची भाजी, असली तर बघायलाच नको. दुष्काळाच्या वर्षांत ज्वारी जाऊन रेशनवरच्या परदेशी तांबड्या मिलोची भाकरी ताटात आली, तेव्हा अव्वा म्हणायची, चटणी आहे ना, मग भाकरीकडं बघू नका. आम्ही बघायचो नाही.

मधल्या खोलीत खुंटीला अप्पांचा चामडी पट्टा टांगलेला असायचा. संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वज हा पुस्तकातला शब्द; आमच्या तोंडी ती काठीच. घराच्या वर जाईल एवढी उंच, फुलांनी आणि गोंड्यांनी सजवलेली ही काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून एका माणसानं तोलत न्यायची. तो दमला की दुसऱ्यानं घ्यायची. अप्पा ती नेणाऱ्यांपैकी होते. यात्रेआधी कितीतरी दिवस संध्याकाळचा सराव चालायचा, आणि मिरवणुकीच्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीतले अप्पा चटणीवाले वाटायचेच नाहीत. गर्दीत कुणाच्या खांद्याला, डोक्याला काठी चाटून गेली तर तो माणूस हात जोडायचा, वर्ष चांगलं जाणार म्हणून. थोडक्यात, आमच्या गावात 'काठी' म्हटलं की त्याचे दोन अर्थ होतात, आणि या गोष्टीतलं सगळं दुःख त्या दोन अर्थांच्या मधल्या फटीतून आत आलं.

काठीच्या आधीची अक्का मला नीट आठवते, कारण तिची आठवण म्हणजे तिची पाठ. अंग भरायला लागल्यापासून ती खांदे पुढं घेऊन, दप्तर छातीशी धरून, भिंतीच्या कडेकडेनं चालायची. नळावर नंबर आला तरी कुणी दटावलं की आपली रिकामी घागर बाजूला करून पुन्हा रांगेच्या शेवटी जायची. अव्वाला यात काही वावगं वाटायचं नाही. उलट शेजारणी म्हणायच्या, पोरगी गरीब गाय आहे, आणि अव्वा खूश व्हायची. मग शाळेत जाधवबाई आल्या. या अकलूजकडच्या, ड्रिल शिकवायच्या. पाचवारी साडी कमरेला खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मुलींना काठी शिकवायचं काढलं तेव्हा पालकांच्या चिठ्ठ्या मागितल्या, आणि अव्वानं चिठ्ठी द्यायला साफ नकार दिला. अप्पा मात्र गल्ल्यावर बसल्या बसल्या हसले. म्हणाले, काठी तर आपल्या घराण्यातच आहे, नाही कसं म्हणायचं? त्यांनी सही केली. हा विनोद त्यांना फार आवडला होता. गिऱ्हाइकांनाही सांगायचे, आमच्याकडं बाप पण काठीवाला आणि लेक पण.

आता तुम्हाला वाटेल, पुढं गल्लीतल्या कुठल्या टारगटाला अक्कानं झोडपलं असेल. तसं काही घडलं नाही, याची मला लहानपणी फार खंत होती. मी तिला संधी मिळावी म्हणून दोन-तीन टारगटांची नावंही सुचवून पाहिली. जाधवबाईंनी तिला मारायला शिकवलंच नव्हतं म्हणा ना. उभं राहायला शिकवलं. डावा पाय पुढं, वजन दोन्ही पायांवर, नजर समोरच्याच्या काठीवर नाही, डोळ्यांवर. एवढ्यानं माणूस बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. खांदे मागं गेले. दप्तर हातात लोंबू लागलं. ती एक भाकरी जास्त खाऊ लागली आणि अंथरुणाला पाठ टेकली की झोपू लागली. नळावर कुणी दटावलं तर ती नुसती बघायची, आणि तिची घागर जागची हलायची नाही. कोपऱ्यावर सायकली टेकवून उभी राहणारी पोरं होती. पूर्वी ती दिसली की अक्का लांबच्या बोळानं यायची. आता मधूनच यायची, आणि घंटी वाजवणारा तिनं मान वळवून पाहिल्यावर घंटीच दुरुस्त करत बसायचा. आणि ती हसायला लागली. मोठ्यानं. अव्वा आतून ओरडायची, सुम्न कूड, म्हणजे गप बस. पण उखळापाशी अक्काचं मुसळ जसं पडायचं ते बघून तीच म्हणायची, पोरीच्या हाताला काय वळण आलंय.

माझी नात हल्ली कराटेला जाते. पांढरे कपडे, कमरेला पट्टा, दर परीक्षेला पट्ट्याचा रंग बदलतो आणि दर रंगाला आमच्या मुलाचा खिसा हलका होतो. मध्यंतरी त्यांच्या कार्यक्रमात मला, आजोबा म्हणून, अशा शिक्षणाचे मुलींना होणारे फायदे यावर चार शब्द बोलायला उभं केलं. माझ्या आधीच्या पाहुण्यांनी आत्मविश्वास, एकाग्रता, स्वसंरक्षण असं सगळं व्यवस्थित सांगून टाकलं होतं. मी म्हणालो, भाकरी जास्त जाते आणि झोप लागते. लोक हसले. मला आणखी एक फायदा सांगायचा होता, पण तो माइकवर सांगण्यासारखा नव्हता म्हणून इथं लिहितोय.

तो असा. जाधवबाईंचा नियम होता की शिकताना न बोलता वार करायचा नाही. न बोलता मारतो तो दगाबाज, असं त्या म्हणायच्या, आणि न बोलता मारणाऱ्या मुलीला मैदानाभोवती पळवायच्या. अक्कानं हा नियम घरात आणला. एकदा जेवताना ती म्हणाली, अप्पा, पाय. अप्पांनी घास हातात धरून विचारलं, काय? तर हिची चप्पल हरवली होती. मग बीजगणितात नापास झाली तेव्हा म्हणाली, अप्पा, कमर. अप्पांनी खरोखर कमर सावरून बसल्यासारखं केलं आणि ऐकून घेतलं, आणि नेहमीसारखे भडकले नाहीत. मग घराला ती सवयच लागली. दूध उतू गेलं तर पाय. दुकानाचा माल भिजला तर कमर. शिर हा शब्द आम्ही जपून ठेवला होता. त्या दिवसांत तो एकदाच वापरला गेला. अव्वाचे वडील गेल्याचा निरोप घेऊन माणूस दारात आला, तेव्हा अक्का त्याला बाहेरच थांबवून आत गेली आणि म्हणाली, "अव्वा, शिर." अव्वा म्हणाली, हे असले चाळे माझ्यापुढं करू नकोस, पण म्हणता म्हणता तिचा हात आपसूक डोक्याकडं गेला होता. वार चुकत नाही त्यानं. पण माणूस उभा असतो. हा तो फायदा.

अक्काचं मॅट्रिकचं वर्ष होतं. एका संध्याकाळी जाधवबाई बूट दाराबाहेर काढून आमच्या दुकानात आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, मुलीला मॅट्रिकनंतर शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला घाला, तिच्यात शिक्षिका आहे. अक्का मधल्या दाराआड उभी होती आणि मी तिच्या कोपराखालून बघत होतो. अप्पांनी बाईंना लसणाची चटणी बांधून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाले, "मॅट्रिक होऊ दे. मग धाडू की." अप्पांचं 'धाडू की' म्हणजे दगडावरची रेघ. अक्कानं त्या रात्री अंथरुणात शिट्टी वाजवायचा नुसत्या ओठांनी सराव केला. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पांढरे बूट, शिट्टी आणि समोर काठ्या घेतलेल्या मुलींची रांग.

आणि मग मी कमर म्हणालो.

खोक भरून आली, पण वण राहिला. भुवईपासून वर केसांकडं जाणारी एक पांढरी रेघ. अव्वानं त्या रेघेचा धसका घेतला. दुपारी शेजारणींत बसून ती एकच बोलायची, कपाळावरच वण, आता कोण करणार हिला? वय वाढेल तसा वणही वाढेल असं तिला वाटायचं की काय कोण जाणे. तिनं अप्पांच्या मागं लकडा लावला. अप्पा आधी हसण्यावारी न्यायचे, मग नुसतं ऐकायचे, मग ऐकून दुकानात जाऊन बसायचे. तो दुष्काळ सगळ्यांनाच भेकड करून गेला होता. उद्या काय वाढून ठेवलंय कुणाला माहीत, पोर मार्गी लागलेली बरी, हे वाक्य तेव्हा घरोघरी होतं. आमच्या घरात ते कोण कुणाला बोललं ते मी ऐकलं नाही. अक्कानंही ऐकलं नाही. मुद्दा तोच आहे.

एका दुपारी अक्का मैदानावरून काठी घेऊन आली तर पुढच्या दुकानाच्या खोलीत जाजम अंथरलेलं, आणि त्यावर नातेपुत्याचे पाहुणे. आपल्याच लोकांपैकी, किराणा आणि बी-बियाणांचं दुकान. मुलगा मान खाली घालून बसला होता, आणि बोलणं सगळं त्याच्या आत्याबाईंकडं होतं. त्या विधवा, घर त्यांच्याच हातात. अव्वानं अक्काला मागल्या दारानं आत ओढलं, काठी कोपऱ्यात फेकली, तोंड धुवायला लावलं आणि इरकल नेसवलं. अक्कानं फक्त विचारलं, अप्पांना माहीत आहे? अव्वा म्हणाली, त्यांनीच बोलावलंय.

चुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला आणि चहा घेऊन अक्का बाहेर आली. अव्वानं वणावर केसांची बट ओढून बसवली होती, पण अक्का ताट ठेवायला वाकली आणि बट सरकली. आत्याबाईंची नजर लगेच गेली.

"पोरीच्या कपाळाला काय झालंया?"

अव्वा तयारच होती. लहानपणी उंबऱ्यावर पडली, असं ती म्हणाली.

"पडले नाही," अक्का म्हणाली. तिनं ताट खाली ठेवलं आणि सरळ उभी राहिली. डावा पाय पुढं. मैदानावर बोलायची तसं, एकेक शब्द सुटा, ती म्हणाली, "काठी लागली."

मला आनंद झाला. मला वाटलं, संपलं, आता हे उठून जातील. काठी खेळणारी मुलगी नातेपुत्यात कोण करून नेणार? अक्कानंही तेच गृहीत धरलं होतं. तिनं बोलून वार केला होता. पण आत्याबाईंची नजर अक्कावरून निघून मधल्या दारातून आतल्या खुंटीवरच्या चामडी पट्ट्यावर जाऊन थांबली. मग अप्पांकडं. मग पुन्हा वणाकडं. नातेपुते शिंगणापूरच्या वाटेवरचं गाव. चैत्रात महादेवाच्या काठ्या आणि कावडी त्यांच्या दारावरून जातात. त्यांना कोणती काठी आठवणार?

"काठी? हितली? सिद्धरामाची?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. त्या उठल्या. दोन बोटांनी अक्काच्या कपाळावरची रेघ हळूच शिवली आणि ती बोटं आपल्या डोळ्यांना लावली. "द्येवानंच खूण करून ठिवलीया की. आन तुमी उंबरा म्हून सांगताय व्हय, विहीणबाई?"

तेव्हा मी बोललो. मला वाटतं, त्यानंतर त्या खोलीत तेवढं एकच खरं वाक्य आलं आणि तेही माझ्या तोंडून, हीच पंचाईत. मी म्हणालो, "देवाची नाही, माझी काठी! मी कमर म्हणालो आणि डोक्यात मारली." सगळे हसले. मुलगासुद्धा मान वर करून हसला; चांगला चेहरा होता त्याचा. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगं गमतीचं हाय लई." सगळ्या खानदानात नकला करून दाखवणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं एखाद्या दिवशी खरं बोलायचं ठरवलं की असं होतं. अव्वानं मला चिमटा काढून आत पाठवलं, पण मी दारातच राहिलो.

अक्का हसली नाही. ती अप्पांकडं बघत होती. काठीत एक वार झाला की पाळी समोरच्याची. तिची पाळी झाली होती. अप्पांना सगळं माहीत होतं. सही त्यांची होती, काठीवाली लेक हा विनोद त्यांचा होता, आणि 'धाडू की' हा शब्दही त्यांचाच होता. एक वाक्य पुरे होतं. अप्पा ताटलीतल्या सुशीलातली मोहरी बोटानं बाजूला करत राहिले. मग त्यांनी मान वर केली, पण अक्काकडं नाही, पाहुण्यांकडं.

"चहा घ्या," ते म्हणाले. "निवतोय."

संध्याकाळी उखळ नेहमीसारखं चाललं. अव्वा आनंदात होती आणि घाबरलेलीही, त्यामुळे तिचं मुसळ पुन्हा पुन्हा चुकत होतं. अक्काचं चुकत नव्हतं. अप्पा हातपाय धुवायला परसात आले तेव्हा अक्कानं मुसळ थांबवलं.

"अप्पा, तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलायचं होतं?" अप्पांनी तोंडावर पाणी मारत विचारलं.

"शिर म्हणायचं होतं. सकाळीच. बोलून मारलं असतंत तर मी अडवलं नसतं, अप्पा. नुसती नीट उभी राहिले असते."

अप्पा तोंडावर पाणी मारत राहिले. चेहरा कधीच धुऊन झाला होता. त्यानंतर पुन्हा संक्रांत आली, तेव्हा पट्टा खुंटीवर नव्हता. कंबर धरली म्हणून यंदा काठी नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. पुढच्या वर्षीही कंबरच धरली. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की ते दुकानात उभे राहून हात जोडायचे, आणि काठी पुढं गेली तरी हात तसेच असायचे.

लग्न उन्हाळ्यात झालं. निघताना अक्कानं आपली काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, उंच झालास की पुन्हा खेळू. मी उंच झालो, पण खेळलो नाही. नातेपुत्याचं घर वाईट नव्हतं. इथं एखादा सासुरवास असता तर मला गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं. भावजी शांत, अक्काला जपणारे. आत्याबाईंनी तर तिला डोक्यावर घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला बट बाजूला करून वण दाखवायच्या. चैत्रात काठ्या दारावरून निघाल्या की बायका वाकून अक्काच्या कपाळाला बोटं लावायच्या. दुसऱ्या पंचमीला ती माहेरी आली तेव्हा झोक्यावर बसून हे सगळं तिनं मला नकला करून सांगितलं. मी पोट धरून हसलो. तीही हसली, आणि मग म्हणाली, "तम्मा, तुझ्या एका चुकीनं मी देव झाले रे. आता देवाच्या हातात काठी कोण देणार?" खांदे मात्र मागंच होते. ते तिनं कधी पुन्हा पुढं घेतले नाहीत.

त्याच मुक्कामात, ती निघायच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही जेवत होतो. अव्वानं गव्हाची गोड हुग्गी केली होती. अप्पांनी ताटातला हात थांबवला आणि म्हणाले, "नंदा, शिर."

अक्कानं वाटी खाली ठेवली. पदर नीट केला, पाठ ताठ केली आणि अप्पांच्या डोळ्यांकडं बघत बसली. तिनं पूर्ण तयारी केली होती. अप्पांचे ओठ हलले. अव्वा पळी हातात धरून उभी होती. बाहेर भोंगा झाला, संपला.

"उद्याची गाडी सकाळचीच ना?" अप्पांनी विचारलं.

"सकाळचीच," अक्का म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी मऊ आवाजात, "राहू दे, अप्पा. जेवा."

अप्पा पुढं पुष्कळ वर्षं जगले, पण त्यांची पाळी तिथंच राहून गेली.

माझं लग्न झालं तेव्हा बायकोला आमच्या घरातल्या या भाषेची फार मजा वाटली. ही अकलूजची, उसाच्या पाण्यावर वाढलेली. आमच्या कोरड्या घरातलं सगळंच तिला थोडं येडपट वाटायचं. मी कचेरीतून येऊन 'पाय' म्हणालो की ती म्हणायची, पाय धुवा आणि सरळ सांगा. इतक्या वर्षांत तिनं स्वतः ते शब्द कधी उच्चारले नाहीत. अक्काची काठी ती उंच वलणीवर साड्या टाकायला वापरते. काठी तेलपाणी न करताही गुळगुळीत राहिली आहे, असं मी एकदा कौतुकानं म्हणालो, तर म्हणाली, साड्यांनी राहते.

मागल्या उन्हाळ्यात, दुपारी, मी पाण्याची मोटर उघडून बसलो होतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण उघडता येते. आत फोन वाजला, हिनं घेतला. मग दारात आली, हात पदराला पुसत. म्हणाली, "अहो. कमर."

मी हसलोच. इतक्या वर्षांनी बाई आमच्यात आली. मी मनात कमरेपाशी काठी धरली. म्हटलं, हिचा भाऊ मुक्कामाला येत असेल, नाहीतर मुलाची बदली झाली असेल. पाना खाली ठेवून मी म्हणालो, हाण. आणि मग तिनं सांगितलं की नातेपुत्याहून भाच्याचा फोन होता, आणि अक्का सकाळी गेली.

आम्ही पोचलो तेव्हा अक्काला आमच्या रीतीप्रमाणे समाधीसाठी मांडी घालून बसवलं होतं. स्वामी म्हणाले, माउलीची पाठ किती सरळ, बसवायला काही कष्ट पडले नाहीत. मग त्यांनी कपाळभर विभूतीचे पट्टे ओढले आणि ती पांढरी रेघ त्या पांढऱ्यात मिसळून गेली. बायका एकेक येऊन तिथं बोट लावत होत्या. माझीही पाळी आली. मला मोठ्यानं सांगावंसं वाटलं की ही माझी काठी आहे, देवाची नाही. पण लोक पुन्हा हसले असते, किंवा या खेपेला हसले नसते. मी बोट लावलं आणि डोळ्यांना नेलं.

घरी आलो, आंघोळी झाल्या. मोटर तशीच उघडी पडली होती, तिच्याशेजारी पाना. हिनं ओल्या साड्या पिळल्या, अक्काची काठी घेतली, एक साडी वलणीवर टाकली आणि काठी हातात धरून तशीच उभी राहिली. माझ्याकडं पाठ होती.

"मला ठाऊक होतं हो, शिर म्हणायचं असतं ते," ती म्हणाली. "पण तुम्ही तिथं पाना घेऊन बसला होतात, तुमच्याकडं बघून कमरच निघालं."